दक्षिण सीमा

दक्षिण सीमा म्हणजे खालची सीमा, असं मी भागवतला सांगितलं. ते चूक होतं.

एवढं लिहून पेन ठेवलं असतं तरी चाललं असतं, कारण मूळ गोष्ट तेवढीच आहे. पण मार्च लागला की मला गप्प बसवत नाही. तापीचं पात्र आटून खडक वर आलेले असतात, दुपारी केळीच्या बागांकडून येणारा वारा गावात शिरेपर्यंत भट्टीचा झालेला असतो, आणि कुणाच्या तरी घरात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत पाठ करत असतं. यंदा ती पाळी माझ्या घरावर आहे. नात अवनी बारावीला आहे. जेवणाच्या टेबलावर तिनं वह्यांचा असा पसारा मांडलाय की आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

परवा चहाचा कप ठेवायला जागा शोधत होतो, तर कपाखाली एक आलेख आला. डावीकडून एक रेघ चढत येते आणि एका पोकळ गोलापाशी थांबते. उजवीकडून दुसरी रेघ उतरत येते आणि वेगळ्याच उंचीवर, दुसऱ्या पोकळ गोलापाशी थांबते. आणि दोघींच्या मधे, कुणालाच न चिकटलेला, एक काळा भरीव ठिपका.

"आजोबा, कप उचला ना, गोल पड जाएगा," अवनी म्हणाली.

गोल पडला होताच. तिच्या वहीवर चहाचा, आणि माझ्या पोटात जुना.

आमचं राज्य नवं झालं त्या काळातली ही गोष्ट. त्याआधी आमचे कागद, आमचे हुकूम, आमच्या परीक्षा, सगळं नागपूरच्या तोंडाकडे बघून चालायचं. मग एका सकाळी नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे, नव्या हिंदी राज्यात राहिलो. गाव जागच्या जागी होतं. गिरणीचा भोंगा त्याच वेळेला व्हायचा. फक्त ज्याच्या त्याच्या तोंडी एक शब्द आला, सीमा. पानाच्या टपरीवर सीमा, न्हाव्याच्या खुर्चीत सीमा. आपण इकडे राहणार की खानदेशाला जोडले जाणार, दक्षिण सीमा शाहपूरच्या अलीकडे येणार की पलीकडे, यावर माणसं अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत भांडत. "दक्षिण सीमा" हे दोन शब्द मी त्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकले, की ते एकमेकांना चिकटूनच माझ्या डोक्यात बसले. माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे. ही सबब नाही, नुसता पत्ता सांगतोय.

मी त्या वेळी इंटर, म्हणजे आताची बारावीच म्हणा, झालेला होतो. गणितात बऱ्यापैकी गुण पडलेले, कचेरीत तात्पुरता कारकून म्हणून लागलेलो. त्या वयात तात्पुरत्या कारकुनाला वाटतं की जगातलं बरंचसं आपल्याला कळलंय, उरलेलं वरच्या साहेबाला. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, मराठी शाळेत मास्तर होते. घरात शिकवण्याचा मान त्यांचा होता, म्हणून माझी शिकवण्याची हौस बाहेर भागवावी लागे. ती मी भागवतवर भागवली.

भागवत जवळच्या दापोरा गावचा. केळीवाल्या घरातला चौथा मुलगा. तीन थोरले भाऊ बागेत, आणि बाग तेवढीच. चौघांत वाटली असती तर भागवतच्या वाट्याला पाटाच्या कडेची एक ओळ आणि तिच्यावरचं वारं आलं असतं. हे त्याला बापानं कधी बोलून दाखवलं नाही. बाप एवढंच म्हणायचा, "तू शिक रे बाप्पा, तू शिक." रस्ते-पूल बांधून घेणारे ओव्हरसियर जिथे तयार होतात त्या शाळेचं एक पत्र भागवतच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचं. जागा ठेवली आहे, गणित सुटल्याचा कागद घेऊन या, अशा अर्थाचं. घामानं ते पत्र केळीच्या वाळक्या सोपटासारखं मऊ झालं होतं. इंटरच्या गणितात तो दोनदा बसला होता आणि दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा बसता येत होतं. चौथ्यांदा नाही.

"मास्तर," तो मला म्हणायचा. माझ्याहून तो एक वर्षानं मोठा, तरी मास्तर. "मास्तर, या खेपी नाही सुटलो तं मले घरी जागा नाही. भाऊ काही म्हणनार नाहीत. तेच खराब हाय. काही म्हणनारच नाहीत."

मी म्हणायचो, "मी आहे ना."

आज हे तीन शब्द आठवले की मला उठून पाणी प्यावं लागतं.

आम्ही कुंडी भंडाऱ्यावर बसायचो. गावाबाहेर जमिनीच्या पोटातून पाणी वाहवणारी ती जुनी व्यवस्था, आणि वर जमिनीवर एकामागून एक विहिरीसारखी गोल तोंडं. पाण्याच्या पोटातून गार वाफ वर यायची, म्हणून फाल्गुन-चैत्रातही तिथे बसवायचं. मी भागवतला त्या तोंडांवरच शिकवलं, आणि खरं सांगतो, चांगलं शिकवलं.

"हे बघ, आलेखावरचा पोकळ गोल म्हणजे ही कुंडी. तू डावीकडून चालत आलास, काठापर्यंत पोहोचलास. ज्या उंचीवर पोहोचलास ती डावीकडची सीमा. आता पलीकडे जा आणि उजवीकडून ये. तिकडची जमीन उंच असेल तर तू उंचावर पोहोचशील. ती उजवीकडची सीमा. दोन्ही सारख्या आल्या तर सीमा आहे म्हणायचं. वेगळ्या आल्या तर नाही."

"नी आतमंदी?"

"आत पाणी कुठे आहे ते काठ सांगत नाही. ते वाकून बघावं लागतं. तेच त्या बिंदूवरचं मान. जिथे काळा भरीव ठिपका असेल, तेवढं मान. पोकळ गोलाचं कधी धरायचं नाही."

भागवत खरंच वाकला. डोकं आत घालून बराच वेळ बघत राहिला. मग आतूनच त्याचा आवाज आला, घुमत, "कळलं रे मास्तर!" त्याला गणितातलं काही कळल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही जमिनीच्या पोटातून.

मी गणिताचा माणूस राहिलो नाही, पण ही पोकळ गोलाची आणि काळ्या ठिपक्याची भानगड मला जन्मभर पुरली. खंडव्याकडचे पाहुणे आले की आमचं हिंदी ऐकून हसायचे, "आप लोग तो मराठे हो." जळगावला लग्नाला गेलो की तिकडची मंडळी आमचं मराठी ऐकून हसायची, "तुम्ही हिंदीवाले." डावीकडून येणाऱ्याला आम्ही एका उंचीवर दिसायचो, उजवीकडून येणाऱ्याला दुसऱ्या. आणि गाव आपलं मधेच, आपल्याच उंचीवर, काळा ठिपका होऊन बसलेलं. त्याला कुणी वाकून विचारलं नाही, बाबा रे, तुझं मान किती. विचारलं असतं तर आम्हाला तरी कुठे सांगता आलं असतं!

असो. पेपराच्या आदल्या दिवशी भागवत दुपारी कचेरीत आला. घामाघूम. त्या वर्षी पेपर पहिल्यांदाच हिंदीतून येणार होता आणि त्यानं कुठून तरी नमुन्याची एक प्रश्नपत्रिका मिळवली होती. आम्ही जे काही शिकलो होतो ते सगळं "डावीकडचं लिमिट, उजवीकडचं लिमिट" असं खिचडी भाषेत. नमुन्यात छापलं होतं: वाम सीमा, दक्षिण सीमा तथा बिन्दु पर मान ज्ञात कीजिए।

"हे वाम काय आसते?"

"डावी. वामकुक्षी नाही का? नाना जेवल्यावर डाव्या कुशीवर पडतात ती."

"बरं. नी दक्षिण?"

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसानं एक श्वास घेतला असता. वामच्या जोडीला आलेला शब्द आहे, एकीकडे डावं असेल तर दुसरीकडे काय असेल, एवढा विचार आमच्या गल्लीतल्या बकरीनंही केला असता. पण माझ्या समोर दोन शिपाई उभे होते, एक कारकून ऐकत होता, आणि मी मास्तर होतो.

"दक्षिण म्हणजे दक्षिण. खाली," मी म्हणालो. "नकाशा कधी बघितलास का? उत्तर वर, दक्षिण खाली. दोन रेघांमधली जी खालच्या उंचीवर थांबते ती दक्षिण सीमा. सगळं गाव दोन वर्षं दक्षिण सीमेवर भांडतंय आणि तुला दक्षिण माहीत नाही?"

कारकून हसला. शिपाई हसले. भागवत हसला नाही. "पन वाम तं बाजू हाय, नी दक्षिण दिशा. आसं कसं?"

"हिंदी आहे ती. हिंदीत असंच असतं."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मी त्याला कचेरीच्या भिंतीवरचा नकाशासुद्धा दाखवला, बोट ठेवून. माणूस स्वतःचा खड्डा किती मन लावून खणतो!

दुसऱ्या दिवशी पेपर सकाळचा होता, उन्हाच्या आधी आटोपणारा. मी ओट्यावर पोहे खात होतो. नाना मारुतीला जाऊन आले. पाय धूत धूत म्हणाले, "आज भागवतचा पेपर ना? झाली का तयारी?"

"मी शिकवलंय म्हटल्यावर! अगदी दक्षिण सीमेपर्यंत करून घेतलंय."

"ते काय असतं?"

मी वाम सांगितली, दक्षिण सांगितली, खालची बिलची सगळं सांगितलं. नानांनी तांब्या खाली ठेवला. ते चिडले की तांब्या फार हळू ठेवत.

"लहानपणापासून मारुतीला प्रदक्षिणा घालतोस ना?"

"हो."

"फिरताना मारुती तुझ्या कुठल्या हाताला असतो?"

"उजव्या."

"मग?"

मला अजूनही कळलं नव्हतं. तोंडात पोहे होते. नानांनी पंच्याला हात पुसले आणि शाळेतल्या दुसरीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "प्र-दक्षिणा. दक्षिण हात म्हणजे उजवा हात. दिशा नंतर, गाढवा, हात आधी. त्याची दक्षिण सीमा म्हणजे उजवीकडची."

तो घास मी गिळला की थुंकला, आठवत नाही. सायकल काढली ते आठवतं. कोपऱ्यावर चेन पडली ते आठवतं. काळ्या हातांनी ती बसवत असताना मनात एकच हिशेब चालला होता, गेला, भागवत गेला, त्याच्या खिशातलं पत्र गेलं. चेन बसेना. सायकल एका दुकानाच्या फळीला टेकवली आणि पळत सुटलो. पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठे राहिली त्याचा शोध मी पुढे केला नाही.

कॉलेजच्या इमारतीत जायला अर्थातच मनाई होती. पण कंपाउंडच्या आत, वर्गाच्या खिडक्यांसमोर, एक कडुनिंब होता, आणि तिथपर्यंत कुणी अडवत नसे. खिडकीजवळच्या बाकावर भागवत बसला होता. मान खाली. लिहीत होता. माझ्याकडून त्याच्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. ओरडता येत नव्हतं. खुणेनं "उजवी" कसं सांगणार? मी उजवा हात वर केला. त्यानं बघितलं नाही. दंड थोपटला. नाही बघितलं.

तेव्हा मला ते सुचलं. त्या क्षणी मला वाटलं होतं की याच्याइतकं हुशारीचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मी कडुनिंबाला प्रदक्षिणा घालायला लागलो.

झाड उजव्या हाताला. प्रत्येक फेरीला खिडकीसमोर आलो की उजव्या दंडावर चापट. एक फेरी. दोन. कडुनिंबाचा मोहर डोक्यावर पडत होता, ऊन चढत होतं, अनवाणी पायाखाली कसकन काहीतरी टोचत होतं. आवारातला शिपाई आला.

"ऐ बाबू, ये क्या चल रहा है?"

"मन्नत है," मी म्हणालो. थांबलो नाही.

त्यानं माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. "मन्नत है तो मंदिर जाओ ना, यहाँ इम्तहान चल रहा है." मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे. "अच्छा, शुरू किया है तो पाँच पूरे कर लो. फिर निकलो."

चौथ्या फेरीला भागवतनं वर बघितलं. आमची नजर मिळाली. मी दंडावर अशी चापट मारली की हात झिणझिणला. तो बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. त्यानं मान हलवली, खाली वाकला, आणि आधी लिहिलेलं भराभरा खोडायला लागला.

मी पाचवी फेरी पूर्ण केली. कडुनिंबाला हात जोडले. मनापासून.

घंटा झाली. पोरं बाहेर आली. भागवतनं येऊन माझे दोन्ही खांदे धरले. त्याचे डोळे भरले होते. "मास्तर, तू आला नसता तं मी गेलोच होतो कामातून."

"कळलं ना तुला? उजवी?"

"काय उजवी?"

"अरे, दक्षिण म्हणजे उजवी. प्रदक्षिणा!"

"ते नाही मले कळलं," तो म्हणाला. "मले कळलं का, मास्तर कामधंदा सोडून उन्हात बिनचपलेचा झाडाभोवती फिरून रायला, थोबाड पांढरं पडेल हाय, म्हंजी यानं शिकवेल सगळं चुकीचं हाय. मंग मी सगळं उलटं करून टाकलं."

"सगळं?"

"सगळं. वाम तू डावी सांगेल होती, मी उजवीकडून पायली. तीन. दक्षिण तू खालची सांगेल, मी वरची घेतली. तीन. नी मान काळ्या ठिपक्याचं सांगेल, तं मी पोकळ गोलाचं धरलं. दोन गोल होते, मंग वरचा घेतला. बरोबर ना?"

प्रश्नपत्रिका त्याच्या हातात होती. मी ती घेतली. डावीकडची रेघ एकवर थांबलेली. उजवीकडची तीनवर. काळा ठिपका मधे, दोनवर. बाजूला छापलेलं, प्रत्येकी दोन गुण. खोडण्याआधी त्यानं काय लिहिलं असणार ते मला दिसत होतं, कारण मीच पढवलं होतं. वाम एक, बरोबर. दक्षिण एक, चूक. मान दोन, बरोबर. आणि खोडल्यावर वाम तीन, चूक. दक्षिण तीन, वरची म्हणून घेतली पण योगायोगानं बरोबर. मान तीन, चूक.

मी घरी बसून पोहे खात राहिलो असतो, तर तिनातली दोन बरोबर होती. मी धावत आलो, आता एक उरली होती.

"बरोबर ना?" त्यानं परत विचारलं.

"छान," मी म्हणालो.

मी पुष्कळ खोटं बोललोय. कचेरीत तर पगारच त्याचा मिळायचा. पण त्या एका शब्दाइतकं जड काही माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

नंतरचा तो उन्हाळा! लोकांना उन्हाळा आठवतो तो आंब्यांनी, वाळवणांनी. मला आठवतो तो केळीच्या चिकाच्या वासानं. निकाल लागेपर्यंत दर रविवारी भागवत मला दापोऱ्याला घेऊन जायचा, गुरू म्हणून. मी नाही म्हणायचो, तो सायकलच्या दांडीवर बसवूनच न्यायचा. बागेत घड उतरवणं चालू असायचं. तिघे भाऊ अंगाला चिकाचे काळे डाग घेऊन काम करत असायचे, मला बघितलं की कोयता ठेवून रामराम करायचे. त्यांच्या रामरामाला मी इतका वाकायचो की त्यांना तो माझा विनय वाटायचा.

भागवतची आई मला चुलीजवळ पाटावर बसवायची. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार. "खाय ना रे बाप्पा, लाजू नको. तुह्या पायानं माह्या लेकाचं भलं झालं. झाडाभोवती फिरला म्हने त्याच्यासाठी. सख्खा भाऊ नाही फिरत."

तिचे सख्खे तीन तिथेच बसून जेवत होते. त्यांनी माना खाली घातल्या. मी भाकरीचा तुकडा भरतात बुडवला. आता सांगतो, मनात यायचं. ही भाकरी संपली की सांगतो. मग ती दुसरी वाढायची.

मी रोज वेगळा हिशेब मांडायचो. बाकीचा पेपर चांगला गेला असेल. तपासणारा दयाळू असेल. तपासणारा आमच्यासारखाच मराठी असेल आणि त्यालाही दक्षिण म्हणजे खालीच वाटत असेल. हा शेवटचा विचार आल्यावर मी दोन दिवस बरा होतो. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की भागवतनं तेही खोडलंय.

कधी वाटायचं, देवळात जाऊन मारुतीला सांगावं. मारुतीसमोर उभा राहिलो की पाय आपोआप प्रदक्षिणेला वळायचे, आणि मी तसाच बाहेर यायचो. नानांनी काही विचारलं नाही. त्यांना वाटत होतं मी वेळेवर पोहोचलो. एकदा चहा पिताना एवढंच म्हणाले, "चूक कळल्यावर धावलास, ते बरं केलंस." मी बशी तोंडाला लावली.

निकाल कॉलेजच्या भिंतीवर लागला. आभाळ भरून आलं होतं, पडत नव्हतं, अंगाची नुसती चिकचिक. भागवतनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. मग बोट ठेवून. त्याचा नंबर नव्हता. काही दिवसांनी गुणांचा कागद आला तेव्हा कळलं, दोन गुण कमी पडले. दोन. एका उत्तराचे.

त्या कडुनिंबाखालीच मी त्याला सांगितलं. सगळं. दोन बरोबर होती, मी आलो, एक उरली. तो ऐकत होता. आतल्या खिशातून ते मऊ पत्र काढलं, परत त्याची घडी घातली, परत ठेवलं. त्यानं शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

मग म्हणाला, "कायले आला मंग? घरी बसला आसता."

मी त्याला वाचवायला धावलो होतो की स्वतःला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. एकीकडून बघितलं की एक दिसतं, दुसरीकडून बघितलं की दुसरं.

भागवत दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मी दापोऱ्याला गेलो नाही. ऐकत होतो, की तो घरी राहिला नाही, मोजणीवाल्यांच्या टोळीत साखळी धरायला लागला. ओव्हरसियर खुणा सांगणार, आणि हा उन्हात लोखंडी साखळी ओढत जाणार. जे काम सांगायचं होतं ते करायची पाळी आली, कुणामुळे, ते मला रोज कचेरीत सावलीत बसून आठवायचं. मोजणीचे नकाशे कधी माझ्याच टेबलावरून जायचे. मी त्यांना हात लावताना जपून लावायचो.

आणि मग एका सकाळी तो सायकल घेऊन दारात उभा. काळा पडलेला, वाळलेला.

"चाल."

"कुठे?"

"दक्षिण सीमा दाखवतो तुले."

मी मुकाट्यानं दांडीवर बसलो. शाहपूर मागे पडलं, बागा लागल्या, बागा संपल्या, परत लागल्या. शेवटी एका बांधावर त्यानं सायकल थांबवली. बांधात एक दगड पुरलेला होता, चुना लावलेला. अलीकडे आमचं राज्य, पलीकडे दुसरं.

"पाय," त्यानं दगडाकडे बोट केलं. "खाली हाय का?"

"नाही रे."

"इकडून चढून पाय. आता तिकडे जा, तिकडून पाय."

मी गेलो. त्यानं सांगितलं म्हणून खरंच गेलो, परीक्षेला बसल्यासारखा. इकडून केळी, वाऱ्यानं पानं फाटलेल्या. तिकडून केळी, वाऱ्यानं पानं फाटलेल्या. परत आलो तोवर भागवत त्या पांढऱ्या दगडावर बसला होता, गुडघ्यांभोवती हात घालून.

"हा दगड मी रोवेल हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि त्याखाली दुसरंही काहीतरी होतं, ते मी वाकून बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. मी शेजारी खाली मातीत बसलो. येताना सायकल मी चालवली.

पुढे त्यानं मक्त्यानं जमीन केली, स्वतःची बाग लावली, लग्न झालं, लेकरं झाली. लोक म्हणतात, झालं ते बऱ्यासाठीच. मी म्हणत नाही. त्या माणसाला पूल बांधायचे होते. आजही आम्ही तापीच्या पुलावरून जायला लागलो की तो काठीनं कठडा ठोकून बघतो, आणि कुठे भेग पडली आहे ते मला सांगतो. मी हो म्हणतो आणि दुसरीकडे बघतो.

तर परवा अवनीच्या वहीवर चहाचा गोल पडला तेव्हा भागवत समोरच बसला होता. बाजारच्या दिवशी तो येतोच, केळीची फणी घेऊन. कानांनी कमी ऐकतो, पण ऐकायचं ते ऐकतो.

अवनी पेन्सिल चावत होती. "आजोबा, ये वाला समझ नहीं आ रहा. यात राइट हँड लिमिट किती येईल? और पॉइंट की व्हॅल्यू? सोमवारी पेपर आहे."

मला उत्तर येत होतं. इतक्या वर्षांत एवढी एकच गोष्ट मला पक्की आली आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. मी चष्मा लावला. वही जवळ ओढली. घसा साफ केला.

भागवतनं काठी टेबलावर आडवी ठेवली, बरोबर माझ्या आणि वहीच्या मधे.

"पोरी," तो म्हणाला, "याले इचारू नको. तुझं तू कर. याले फक्त झाडाभोवती फिरता येते, नी तेबी चुकीच्या टायमाले."